एका घराण्यातली दोन भिंगे

नवरात्र संपले आणि आमच्या घरात एक वाद उभा राहिला. माझ्या पुतणीने शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून कॅमेरा घेतला होता. त्याच्याबरोबर जी लेन्स आली ती तिला आता पुरेनाशी झाली होती. दिवाळीपूर्वी आणखी एक लेन्स घ्यायची होती. पण पैसे एकीपुरतेच. तिच्या मैत्रिणीचे म्हणणे, झूम घे; बसल्या जागेवरून लांबचे जवळ येते, पिशवीत दुसरे काही न्यायला नको. वर्गातल्या एका मुलाचे म्हणणे, प्राईम घे. ती पुढेमागे होत नाही खरी, पण अंधारात पाहते. या दोघांच्या कात्रीत सापडलेली ती मुलगी एका संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही एवढी वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडलात. सांगा ना, काय घेऊ?"

उत्तर माझ्या ओठांवर होते. पण तेवढ्यात माझी नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि मी गप्प राहिलो.

त्या भिंतीवर माझ्या आईचे छायाचित्र आहे. तिच्या शेवटच्या दिवाळीचे, २००९ सालच्या भाऊबीजेचे. आई ब्याऐंशी वर्षांची, आणि पाटावर बसलेले तिचे धाकटे भाऊ, आमचे मामा, अठ्ठ्याहत्तरांचे. ओवाळताना खोलीतला विजेचा दिवा मालवायचा हा आईचा जुना दंडक होता. निरांजनातल्या वाती आणि कोनाड्यातल्या चार पणत्या एवढाच काय तो उजेड. त्या उजेडात आईचा चेहरा असा काही दिसला, की मी धावत जाऊन कॅमेरा आणला. त्याला झूम लेन्स होती. फिल्मच्या काळातली माझी जुनी लेन्स, जिने मी पंचवीस वर्षे कंदिलाच्या उजेडातही चित्रे घेतली होती, ती 'आता हिचे काय काम' म्हणून मी दोनच वर्षांपूर्वी विकून टाकली होती. पहिले चित्र घेतले. आईचा हात म्हणजे एक पिवळा फराटा आणि चेहरा हललेला. मग मी फ्लॅश उघडला आणि दुसरे घेतले. भिंतीवर आहे ते हे दुसरे. त्यात सारे स्वच्छ दिसते. मामांच्या सदऱ्याची गुंडी, भिंतीवरचा खिळा, कालनिर्णयाचे पान. फक्त ज्याच्यासाठी मी कॅमेरा उचलला तो निरांजनाचा उजेड तेवढा त्यात नाही. पुढच्या श्रावणात आई गेली. घरातली मुले त्या चित्राला 'आजीचा पांढरा फोटो' म्हणतात.

मी पुतणीला म्हणालो, "उत्तर उद्या देतो. आज गोष्ट ऐक." तिला सांगितलेली तीच गोष्ट जरा नीटनेटकी करून येथे मांडतो आहे. सणासुदीला ज्या ज्या घरी कॅमेरा बाहेर निघतो, त्या प्रत्येक घरी हा प्रश्न आज ना उद्या यायचाच.

*

गोष्टीला हात घालण्यापूर्वी दोनच शब्दांची ओळख करून घेऊ. शाळेत आपण बहिर्गोल भिंगाने उन्हात कागद जाळला आहे. भिंग आणि कागद यांच्यात जे अंतर ठेवल्यावर उन्हाचा ठिपका अगदी बारीक होतो, ते त्या भिंगाचे नाभीय अंतर. हे अंतर मोठे असले की भिंग दूरची वस्तू मोठी करून दाखवते. लहान असले की खोलीभरचा देखावा एका चौकटीत बसवते. दुसरा शब्द छिद्राचा. प्रकाश आत येण्याचे दार केवढे, ते नुसत्या मापाने सांगत नाहीत. नाभीय अंतराला दाराच्या रुंदीने भागून सांगतात. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचे दार पंचवीस मिलिमीटर रुंद असेल, तर ते एफ २ चे भिंग. भागाकार असल्यामुळे येथे उलटा न्याय चालतो; आकडा लहान तितके दार मोठे.

पावसाळ्यात पन्हाळीखाली भांडी ठेवणाऱ्या गृहिणीला ही गोष्ट समजावून सांगण्याचे कारण नाही. रुंद तोंडाची घागर भराभर भरते, चिंचोळ्या तोंडाची भरता भरत नाही. एफ १.८ चे भिंग म्हणजे घागर आणि एफ ५.६ चे म्हणजे बाटली. दोहोंतला फरक दिसतो त्याहून मोठा आहे; पहिल्यात दुसऱ्याच्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश शिरतो. बाटलीला पाव सेकंद लागत असेल तेथे घागरीचे काम सेकंदाच्या चाळिसाव्या भागात होते. आईचा हात पाव सेकंदात केवढा तरी हलला. चाळिसाव्या भागात तो जवळजवळ थांबलाच असता. अशा भिंगाला 'जलद' म्हणतात ते याचसाठी. नाभीय अंतर बदलत नाही ती प्राईम. आतल्या काचा पुढेमागे सरकवून ते बदलता येते ती झूम. आता गोष्ट.

*

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची प्रतिमा टिपण्याची कृती जाहीर झाली आणि युरोपला वेड लागले. पण त्या कॅमेऱ्याचे भिंग सुमारे एफ १५ चे होते. इमारती, पुतळे, झाडे यांची चित्रे सुरेख येत, कारण ती हलत नाहीत. माणसाला मात्र भर उन्हात कित्येक मिनिटे दगडासारखे बसावे लागे. रस्त्यावरून माणसे आणि गाड्या जात, पण प्लेटवर त्यांचा मागमूस उमटत नसे. भरलेला रस्ता ओसाड दिसे. मनुष्याने चित्रकलेचे यंत्र शोधले, आणि त्या यंत्राला नेमका मनुष्यच दिसेना!

ही अडचण दूर केली ती एका गणितज्ञाने. योझेफ पेट्झव्हाल हा व्हिएन्ना विद्यापीठात गणित शिकवीत असे. त्या काळी भिंगे बहुधा घासूनपुसून, चाचपडत बनवीत. प्रत्येक किरण प्रत्येक काचेतून कसा वळेल हे आधी कागदावर मांडायचे आणि मग काच घासायची, असा याचा हट्ट. पण ही आकडेमोड एका माणसाच्या आवाक्यातली नव्हती. तेव्हा ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या आर्चड्यूक लुडविग याने त्याला तोफखान्यातली हिशेबात तरबेज अशी माणसे दिली. तोफेचा गोळा कोठे पडेल हे काढणारे ते शिपाई प्रकाशाचा किरण कोठे पडेल हे काढू लागले. त्यातून १८४० साली जे भिंग निघाले ते सुमारे एफ ३.६ चे होते. जुन्यापेक्षा पंधरा-वीस पट प्रकाश घेणारे. व्हिएन्नाच्याच फोग्टलेंडर या पेढीने ते घडवले. ही पेढी १७५६ साली निघालेली, म्हणजे त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांची जुनी. तिचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मिनिटांची सेकंदे झाली आणि माणसाचा चेहरा प्लेटवर उतरला. पण फुकट काहीच मिळत नाही. पेट्झव्हालच्या भिंगात मधला भाग रेखीव येई आणि कडा विरघळत जात. पुढे गणिती आणि कारागीर यांच्यात पैशावरून तंटा झाला. पेढीने १८४९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथे दुसरे बिऱ्हाड थाटले. १८९१ मध्ये पेट्झव्हाल वारला तो कडवट मनाने.

आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. कितीतरी जुन्या घरांतून पणजोबांचे एखादे चित्र असते. पगडी, उपरणे, हातात काठी, आणि चेहरा असा की आता रागावतील. पणजोबा बहुधा रागीट नसावेत. त्या काळच्या स्टुडिओत मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. तो मानेला टोचत असताना कित्येक सेकंद श्वास धरून हसायला कोणाला जमणार? जलद भिंगाचा इतिहास म्हणजे माणसाची मान मोकळी होण्याचा इतिहास, असे मला नेहमी वाटत आले आहे.

*

मान मोकळी झाली. पण माणसाला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव सुटली नव्हती. ती सुटायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. ड्रेस्डेन येथील एर्नेमान कारखान्याने १९२४ मध्ये एर्मानॉक्स नावाचा लहानसा कॅमेरा काढला. त्याचे भिंग पंचविशीही न गाठलेल्या लुडविग बेर्टेले या तरुणाने आखले होते आणि ते एफ २ चे होते. लवकरच ते एफ १.८ पर्यंत गेले. कॅमेऱ्यापेक्षा भिंगच मोठे दिसे. आता घरातल्या दिव्याच्या उजेडात, दारूचा भडका न उडवता, माणसांची चित्रे घेता येऊ लागली.

या कॅमेऱ्याचे सोने केले ते एरिख सालोमोन याने. हा बर्लिनचा, कायद्याचा डॉक्टर; चाळिशी उलटल्यावर छायाचित्रणाकडे वळला. १९२८ साली न्यायालयात कॅमेऱ्याला बंदी असताना त्याने आपल्या टोपीत तो दडवून नेला आणि खटल्याची चित्रे घेतली. पुढे युरोपातल्या मोठमोठ्या परिषदांतून तो संध्याकाळचा पोशाख घालून पाहुण्यासारखा वावरू लागला. १९३० च्या जानेवारीत हेग येथे मध्यरात्र उलटून गेलेल्या बैठकीत खुर्चीवर पेंगलेले मंत्री त्याने टिपले. तोवर लोकांना मंत्री ठाऊक होते ते छाती काढून उभे असलेले. झोपलेला मंत्री प्रथमच दिसला आणि तोही आपल्यासारखाच माणूस आहे हे कळले. फ्रान्सचा ब्रियां त्याला थट्टेने आगाऊ लोकांचा राजा म्हणे. १९३१ साली पॅरिसमध्ये ब्रियांनी त्याला ओळखून त्याच्याकडे बोट केले, तर त्याने तेही टिपले!

सालोमोन ज्यू होता. हिटलर सत्तेवर आल्यावर तो हॉलंडमध्ये राहिला. तेथे पकडला गेला आणि १९४४ साली आउशविट्झच्या छळछावणीत मारला गेला. ज्याने राज्यकर्त्यांना माणूस म्हणून पाहायला शिकवले, त्याला राज्यकर्त्यांनी माणूस मानले नाही.

*

भडका की मिळेल तो उजेड, हा प्रश्न त्याच सुमारास आपल्या अगदी दाराशी येऊन उभा होता. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी याला छायाचित्रे घेण्याची हौस लागली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याचा रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, चित्रासाठी मी मुद्दाम बसणार-उठणार नाही, आणि आश्रमाचा पैसा मिळणार नाही. रोलायफ्लेक्सचे भिंग बदलता येत नाही, त्याचे नाभीय अंतरही बदलत नाही. आणि ते काही फार जलद नव्हे, साधारण एफ ३.५ च्या घरातले. म्हणजे कनूपाशी ना भडका, ना झूम, ना मोठी घागर. उरले काय? पाय आणि धीर. उजेड कोठून येतो ते पाहायचे, आपण सरकायचे आणि थांबायचे. आश्रमातले बापू, पाठमोरे, चालणारे, तोलकाट्यावर उभे, आज आपल्याला ठाऊक आहेत ते त्या पायांमुळे आणि त्या धीरामुळे. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांच्या अंतकाळी मात्र गांधीजींनी त्याला चित्र घेऊ दिले नाही. घेता येते ते सारे घ्यायचे असते असे नाही, हेही कोणीतरी सांगावे लागते.

फ्लॅशची बाजूही ऐकली पाहिजे. १९४६ साली अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात गांधीजींचे चित्र घ्यायला आली. आधी सूत काढायला शिका, मग चित्र घ्या, असे तिला सांगण्यात आले, ती शिकली. गांधीजींना डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड सोसत नसे, म्हणून तीनच फ्लॅशचे दिवे उडवण्याची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसरा साधला. पुढे चरखा आणि त्याच्यामागे कात्रणे वाचत बसलेले गांधीजी, हे तिचे त्या भेटीतले चित्र साऱ्या जगात गेले. तेव्हा भडकाच वाईट असे म्हणण्याची सोय नाही. तीन दिव्यांचा हिशेब ज्याला ठेवावा लागतो त्याच्या हातात भडकासुद्धा विचारी होतो. माझ्या हातातल्या भडक्याला असा हिशेब नव्हता.

आणि तिसरे चित्र ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीचे. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेला होता. वार्ता कळताच तो बिर्ला भवनाकडे परतला. फाटकाशी पंडित नेहरू जमलेल्या लोकांना गांधीजी गेल्याचे सांगत होते. अपुरा उजेड, हललेली गर्दी. चित्र काही फार रेखीव नाही. ब्रेसाँ आयुष्यभर बहुतेक पन्नास मिलिमीटरचे एकच भिंग लावून हिंडला आणि फ्लॅश तो वापरीत नसे. त्या रात्री त्याने तो वापरला असता, तर नेहरूंचा चेहरा अधिक स्वच्छ दिसला असता. पण ती रात्र दिसली नसती.

*

येथवर मी प्राईमचेच पोवाडे गातो आहे असे पुतणीला वाटले. "मग झूम कशाला निघाली?" तिने विचारले. प्रश्न रास्त होता.

झूम निघाली, कारण सगळीकडे दोन पावले पुढे जाता येत नाही. 'झूम' हा शब्दच मुळी वैमानिकांच्या बोलीतला. विमान एकाएकी वर झेपावते त्याला ते झूम म्हणत. नाभीय अंतर बदलणारे भिंग ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली होती. सिनेमावाल्यांनी १९२० नंतरच्या दशकात तसे प्रयोग केले आणि १९३२ साली इंग्लंडातल्या टेलर हॉबसन कंपनीने ४० ते १२० मिलिमीटरपर्यंत जाणारे कुक व्हॅरो हे भिंग सिनेमासाठी आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी पसरू लागली आणि खरी निकड उत्पन्न झाली. खेळाच्या मैदानावर कॅमेरा एका मचाणावर बसवलेला. चेंडू क्षणात येथे तर क्षणात पलीकडच्या कुंपणापाशी. भिंग बदलत बसले तर खेळ निघून जायचा. १९४७ मध्ये बेसबॉलच्या सामन्यांना झूमार नावाचे भिंग लावले गेले आणि घरी बसलेला प्रेक्षक जागचा न हलता खेळाडूच्या नाकासमोर जाऊन पोहोचला. हे भिंग करणारा डॉ. फ्रँक बॅक मूळचा व्हिएन्नाचा.

साध्या छायाचित्राच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात आली १९५९ साली. ३६ ते ८२ मिलिमीटर, एफ २.८. आखणी बॅकची, आणि तिच्यावर नाव कोणाचे होते? फोग्टलेंडर! एकशे एकोणीस वर्षांपूर्वी ज्या पेढीने जगाला पहिले जलद भिंग दिले, तिनेच पहिली झूमही दिली. घराणे एक, अंगे दोन.

या झूमची किंमत प्रकाशात मोजावी लागली. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. पेट्झव्हालच्या भिंगात हवेला लागणारे असे सहा पृष्ठभाग; साध्या काचेनेसुद्धा शंभरातले अठ्ठ्याहत्तर किरण पार जात. १९५९ च्या झूमारमध्ये चौदा काचा आणि हवेला लागणारे बावीस पृष्ठभाग. साध्या काचेच्या असत्या, तर शंभरातले चाळीसच पोहोचले असते, आणि परत फिरलेले किरण आतल्या आत भटकून सारे चित्र धुरकट करते. झूमला तारले ते १९३५ साली त्साइस कारखान्यातल्या स्माकुला याने शोधलेल्या एका पातळ लेपाने. हा लेप परतणाऱ्या प्रकाशाला आवर घालतो. लेन्समध्ये डोकावल्यावर जी जांभळी-निळसर झाक दिसते, ती त्या लेपाची. तरीही पहिल्या पिढीतल्या झूम लेन्सा जड, आणि त्यांतल्या कित्येक सरळ रेषांना वाकवणाऱ्या. चौकटीतला दाराचा उंबरा धनुष्यासारखा दिसे.

पण त्यांनी जे दिले तेही थोडे नव्हे. वारीत पालखी पुढे सरकत असते. गर्दीतून दोन पावले पुढे जाऊ म्हणणाऱ्याला वारकरी वाट देतील, पण पालखी त्याच्यासाठी थांबणार नाही. घरट्यावरचा पक्षी जवळ जाणाऱ्याला पाहून उडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात आई रंगमंचावर चढू शकत नाही. आणि काही माणसे अशी लाजरी असतात की त्यांच्याजवळ जाणे म्हणजेच त्यांना घालवणे. अशा वेळी लांबून पाहणे यात आळस नाही; उलट अदब आहे.

*

प्राईम आणि झूम यांचे भांडण लावणाऱ्यांनी १९७५ सालचा 'बॅरी लिंडन' हा चित्रपट पाहावा. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक याला अठराव्या शतकातले दिवाणखाने मेणबत्त्यांच्या उजेडात दाखवायचे होते, आणि तेही विजेचा दिवा न लावता. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी त्साइसने १९६६ साली पन्नास मिलिमीटरची, एफ ०.७ ची अशी दहाच भिंगे बनवली होती. त्यांतली तीन त्याने मिळवली. दार नाभीय अंतराहूनही रुंद! ते कॅमेऱ्याला बसवण्यासाठी कॅमेराच कापून घडवावा लागला. किंमत येथेही चुकली नाही. इतक्या रुंद दारात जेमतेम चेहऱ्यापुरती जागा रेखीव येते. नट जरासा पुढे झुकला की विरघळला. म्हणून त्या प्रसंगांत माणसे पणजोबांसारखी निश्चल बसलेली दिसतात.

आणि त्याच चित्रपटात दिवसाच्या उजेडातल्या प्रसंगांना क्युब्रिकने एक लांब पल्ल्याची झूम लावली. एखाद्या माणसापासून चित्र सुरू होते आणि हळूहळू मागे सरत सरत त्याच्याभोवतालची बाग, वाडा, डोंगर, आभाळ दिसू लागते, माणूस ठिपक्याएवढा होतो. मेणबत्तीला झूम लावली असती तर काळोख दिसला असता, आणि डोंगराला ते दुसरे भिंग लावले असते तर माणूस लहान होत जाण्याची ती गोष्टच सांगता आली नसती. छायालेखक जॉन अल्कॉट याला या कामासाठी ऑस्कर मिळाले, ते दोन्ही भिंगांना मिळून मिळाले असे मी समजतो.

आज हे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. २०१३ मध्ये सिग्मा कंपनीने एफ १.८ ची झूम काढली. २०१८ मध्ये कॅननने २८ ते ७० मिलिमीटरची एफ २ ची झूम काढली. पण या दुसरीचे वजन १४३० ग्रॅम आहे, आणि त्याच कंपनीची एफ १.८ ची पन्नास मिलिमीटरची साधी प्राईम १६० ग्रॅमच्या आतबाहेर. किमतीतले अंतर तर याहून मोठे. आजच्या कॅमेऱ्यांचे डोळेही २००९ पेक्षा पुष्कळ तीक्ष्ण झाले आहेत; बाटलीने घागरीचे काम काही अंशी भागते. तरी भौतिकशास्त्राने आपली वसुली सोडलेली नाही. प्रकाश, पल्ला आणि वजन यांपैकी कोणती तरी दोनच सुखे मिळतात; तिसऱ्याचे पैसे मोजावे लागतात.

*

दुसऱ्या दिवशी पुतणी उत्तरासाठी आली. मी तिला उलट विचारले, "तुला काय टिपायचं आहे? जिथं तुला जवळ जाऊ देतील ते, की जिथं जाऊ देणार नाहीत ते?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग भिंतीकडे पाहून म्हणाली, "काका, आजीचा तो फोटो आता परत नाहीच ना काढता येणार?"

"नाही."

"आणि तो पहिला, हललेला? तो कुठं आहे?"

तो आहे. मी तो कोणाला दाखवला नव्हता, लाजेने म्हणा. मी तो शोधून काढला. हात म्हणजे पिवळा फराटा, चेहरा अस्पष्ट. पण मुलीने तो खिडकीशी नेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "यात उजेड आहे की!" खरेच होता. पंधराहून अधिक वर्षे मी त्या चित्रातला हललेला हातच पाहत आलो होतो.

तिने ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची प्राईम घेतली. पुढच्या आषाढात वारीला जायचे आहे. तेव्हापर्यंत पैसे साठले तर झूमही घेईन, म्हणाली. घ्यावी, घराणे एकच आहे. हललेले चित्र तिने मोठे करून आणले आहे आणि ते आता पांढऱ्या फोटोशेजारी लागले आहे. या भाऊबीजेला ती आपल्या भावाला ओवाळणार, म्हणजे कॅमेरा माझ्या हाती येणार. विजेचा दिवा मालवायचे ठरले आहे. फ्लॅश उघडायचा नाही अशी अट आहे, आणि ही लेन्स पुढेमागे होत नाही तेव्हा दोन पावले तुम्हीच पुढे या, असे तिने मला आतापासून बजावून ठेवले आहे.